खोली आणि देखावा

मालवण, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यावर ज्या घरांतून पर्यटकांच्या राहण्याची सोय केली जाते, तेथें येणाऱ्या पाहुण्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘खोलींतून समुद्र दिसतो ना?’ पाण्याची, पंख्याची, माशांच्या जेवणाची चौकशी त्यामागून होते. समुद्राकडची खोली मिळाली तर प्रवासाचा शीण तेथेंच नाहींसा होतो. परसाकडे आणि न्हाणीघराकडे तोंड असलेली खोली वांट्यास आली तर चेहरा उतरतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं एका इंग्रज लेखकानें याच क्षुल्लक तक्रारीवर एक कादंबरी उभी केली. तिच्यांतील गांव इटलींतील फ्लॉरेन्स, समुद्राच्या जागीं आर्नो नदी, आणि तक्रार करणाऱ्या दोघी इंग्रज स्त्रिया. ई. एम. फॉर्स्टर यांची ही कादंबरी १९०८ सालीं प्रसिद्ध झाली. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’, म्हणजे देखावा दिसणारी खोली, हें तिचें नांव. दिसावयास ती एक हलकीफुलकी प्रेमकथा आहे. परंतु तिच्या पोटांत जो प्रश्न आहे तो हलका नाहीं. परक्या देशांतील माणसाचें वेगळेपण ज्यांना मोहक वाटतें, त्यांनाच आपल्याच देशांतील, आपल्याहून खालच्या समजल्या जाणाऱ्या माणसाचें वेगळेपण असह्य कां होतें, हा तो प्रश्न होय.

फॉर्स्टर यांचा जन्म १८७९ सालचा. वडील लहानपणींच वारलेले. आई आणि वडीलधाऱ्या नातलग स्त्रिया यांच्या देखरेखीखालीं ते वाढले. केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. वडिलांच्या मावशीनें मागें ठेवलेल्या पैशांमुळें पोटासाठीं लगेच नोकरी धरण्याची निकड त्यांना नव्हती. शिक्षण संपल्यावर १९०१ सालीं ते आईला घेऊन इटलीच्या प्रवासास निघाले. प्रवाशांच्या खानावळी, जेवणाचें लांब टेबल, आणि परक्या देशांत येऊनहि सभोंवार इंग्रजच इंग्रज, हा कादंबरींतील अनुभव त्यांनीं स्वतः घेतलेला होता. कादंबरीचा पहिला खर्डा त्याच सुमारास सुरू झाला. पण ती पुरी होण्यापूर्वीं त्यांच्या दुसऱ्या दोन कादंबऱ्या छापून झाल्या. पुढें ‘हॉवर्ड्स एंड’ (१९१०) आणि ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबऱ्यांनीं त्यांची कीर्ति पक्की झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बी. बी. सी. वरून हिंदुस्थानांतील श्रोत्यांसाठीं ते पुस्तकांविषयीं भाषणें करीत असत. १९७० सालीं ते वारले.

कादंबरी समजण्यासाठीं त्या काळच्या इंग्रज मध्यमवर्गाची प्रवासाची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. इटलीचा प्रवास हा सुसंस्कृत शिक्षणाचा एक भाग मानला जाई. लग्नाच्या वयाच्या मुलीला एखाद्या अविवाहित, प्रौढ नातलग बाईच्या सोबतीनें तिकडे पाठवीत. हातांत ‘बेडेकर’ असे. हें नांव ऐकून मराठी माणूस क्षणभर चकित होईल. पण हे बेडेकर जर्मन, प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांचे प्रकाशक. कोणतें देऊळ पाहावें, त्यांतील कोणतें चित्र विशेष मोलाचें म्हणून तारका लावून दाखविण्यासारखें, कोणास किती बक्षिसी द्यावी, हें सर्व त्यांच्या पुस्तकांत असे. देश पाहावयाचा तो पुस्तकांतून, आणि माणसें पाहावयाचीं तीं देखाव्याचा एक भाग म्हणून. बोलावयाचें तें मात्र आपापसांत.

अशा प्रवासास लूसी हनीचर्च ही तरुण मुलगी आणि तिची वडीलधारी चुलतबहीण शार्लट बार्टलेट या दोघी निघालेल्या आहेत. त्या उतरतात ती खानावळ फ्लॉरेन्समधील. पण तिची मालकीण बोलते लंडनच्या हेल काढून, आणि भिंतीवर तसबिरी आहेत त्या दिवंगत इंग्लंडच्या राणीच्या आणि दिवंगत राजकवीच्या. नदीकडच्या खोल्यांचें आश्वासन मिळालें असतां प्रत्यक्षांत चौकाकडच्या खोल्या मिळाल्या, ही तक्रार जेवणाच्या टेबलावर चालू असते. तोंच समोर बसलेला एक म्हातारा मध्येंच बोलतो, कीं माझ्या खोलींतून देखावा दिसतो, माझ्या मुलाच्याहि खोलींतून दिसतो. त्या तुम्ही घ्या, आम्ही तुमच्या घेतों. पुरुषांना देखाव्याचें एवढें काय, अशी त्याची सरळ समजूत. त्याचें नांव एमर्सन आणि मुलाचें जॉर्ज.

यावर आभार मानून खोल्या घ्याव्या, एवढीच गोष्ट. पण शार्लटबाईंना तो प्रस्ताव अपमानासारखा लागतो. ओळखदेख नसतां हा माणूस बोलला कसा? त्याचा पोशाख, त्याचा आवाज, त्याचा आग्रह, सर्वच तिला खालच्या थरांतलें वाटतें. त्याहून मोठें भय मिंधेपणाचें. अशा माणसाचे उपकार घेतले म्हणजे उद्यां रस्त्यांत त्याला नमस्कार करावा लागेल, परवां घरीं बोलवावें लागेल. शेवटीं बीब नांवाच्या धर्मोपदेशकास मध्यस्थ घालून खोल्या बदलल्या जातात. सरळ मनानें दिलेली वस्तु सरळ हातानें घेतां येऊं नये, यासाठीं मध्यें एक प्रतिष्ठित माणूस लागावा, यांत फॉर्स्टर यांनीं एका समाजाचें संपूर्ण चित्र काढलें आहे. त्यांच्या लेखणीला आवाज चढविण्याची गरज पडत नाहीं.

यानंतरचे प्रसंग थोडक्यांत सांगतां येतील. सान्ता क्रोचेच्या देवळांत मिस लॅव्हिश नांवाची कादंबरी-लेखिका लूसीचें मार्गदर्शक पुस्तक घेऊन नाहींशी होते, आणि जोत्तोच्या भित्तिचित्रांपुढें लूसी प्रथमच पुस्तकाच्या सांगण्याशिवाय उभी राहते. तेथें तिला पुन्हां एमर्सन बापलेक भेटतात. एका सायंकाळीं ती एकटी चौकांत जाते. दोन इटालियन माणसांचें पांच लिरांच्या कर्जावरून भांडण होतें, सुरा चालतो, आणि एकजण तिच्या डोळ्यांसमोर मरतो. ती मूर्च्छित होते, आणि योगायोगानें तेथें असलेला जॉर्ज तिला सांवरतो. तिनें नुकतींच विकत घेतलेलीं नामांकित चित्रांचीं छायाचित्रें रक्तानें भिजलेलीं असतात. जॉर्ज तीं नदींत टाकून देतो. देखावा म्हणून पाहण्यास आलेल्या देशानें आपलें रक्त असें तिच्या हातांतल्या चित्रांवर उडविलें. त्या दिवसापासून तिला पूर्वींसारखें नुसतें पाहतां येत नाहीं.

कादंबरीचें सर्व मर्म ज्यांत सांठविलें आहे असा प्रसंग फिएझोलेच्या टेकडीवरचा. इंग्रज मंडळी दोन गाड्यांतून सहलीला निघतात. त्यांतील एका गाडीवानानें आपल्या शेजारीं एका मुलीला बसवून घेतलें आहे. बहीण म्हणून घेतली, पण दोघांचें वागणें बहीणभावांचें नाहीं. ईगर नांवाच्या धर्मोपदेशकाच्या ध्यानांत हें येतांच तो तिला खालीं उतरवितो. एकटे म्हातारे एमर्सन विरोध करतात : सुखी माणसांना वेगळें करणें हें देऊळ फोडण्याइतकें पाप, असें त्यांचें म्हणणें. पुढें टेकडीवर लूसी मोडक्यातोडक्या इटालियन भाषेंत त्याच गाडीवानाला विचारते कीं ते सद्‌गृहस्थ कोठें आहेत. तिला हवे असतात धर्मोपदेशक. गाडीवानाच्या मतें सद्‌गृहस्थ म्हणजे जॉर्ज. तो तिला व्हायोलेटच्या निळ्या फुलांनीं भरलेल्या उतरणीवर नेऊन सोडतो, आणि तेथें जॉर्ज तिचें चुंबन घेतो. शार्लटबाई तें पाहते, आणि दुसऱ्याच दिवशीं लूसीला घेऊन रोमला निघून जाते.

या प्रसंगांत प्रेम एकाच जातीचें आहे. गाडीवानाचें आणि जॉर्जचें. इंग्रज मंडळींचा न्याय मात्र दोन प्रकारचा. गाडीवानाच्या वागण्याकडे त्यांतले कांहींजण कौतुकानें पाहूं शकतात. इटालियन लोक असेच, मोकळ्या रक्ताचे, चित्रांत शोभणारे, असें म्हणून तें सोडून देतां येतें. जॉर्ज इंग्रज आहे, आणि त्यांतून रेल्वेंत नोकरी करणारा; त्याचा बाप वर्तमानपत्रांत लिहिणारा, समाजवादी मतांचा, चर्चला न मानणारा. त्याच्याकडे चित्र म्हणून पाहतां येत नाहीं, कारण तो उद्यां शेजारीं राहावयास येऊं शकतो, आणि मुलीला मागणीहि घालूं शकतो. परक्याच्या वेगळेपणाला आगगाडीच्या परतीच्या तिकिटाची हमी असते. आपल्यांतल्या माणसाच्या वेगळेपणाला अशी हमी नसते, म्हणून त्याच्यापुढें दार लावून घ्यावें लागतें.

कादंबरीचा दुसरा भाग इंग्लंडांत, सरे परगण्यांतील लूसीच्या घरीं घडतो. येथें सेसिल व्हाइस हें पात्र प्रवेश करतें. सेसिल सुशिक्षित आहे, रसिक आहे, इटलीचा भोक्ता आहे. लूसी त्याला रोममध्यें पुन्हां भेटलेली. तेथें ती त्याला लिओनार्दोच्या चित्रांतील स्त्रीसारखी गूढ वाटूं लागली. तिसऱ्या वेळीं मागणी घातल्यावर तिनें होकार दिला आहे. हा मनुष्य वाईट नाहीं. त्याचा दोष एवढाच, कीं त्याला माणसें हवीं असतात तीं चौकटींत बसविलेलीं. लूसीच्या आईचें घरगुती बोलणें, धाकट्या भावाचा दंगा, गांवांतल्या लोकांचे साधे विषय, यांचा त्याला तिटकारा. समाजाच्या खोट्या प्रतिष्ठेवर तो तोंडसुख घेतो. गांवांतील एका बंगल्याच्या प्रतिष्ठित मालकाची फजिती करावी या हेतूनें तो लंडनच्या चित्रसंग्रहालयांत भेटलेल्या दोन सामान्य माणसांना तो बंगला भाड्यानें घेण्यास पाठवितो. तीं माणसें म्हणजेच एमर्सन बापलेक निघतात. समतेची भाषा बोलणाऱ्या सेसिलला समता ही दुसऱ्याची खोडी काढण्यापुरती ठाऊक आहे, हें येथें उघड होतें. त्याच्यासंबंधीं लूसीला एकदां सहज जाणवतें, कीं त्याची मूर्ति मनापुढें येते ती नेहमीं दिवाणखान्यांत, आणि त्या दिवाणखान्याला खिडकीच नसते.

पुढचा भाग खोट्याचा आहे. लूसी सेसिलशीं ठरलेलें लग्न मोडते. पण जॉर्जवर आपलें प्रेम आहे हें कबूल करीत नाहीं. ती जॉर्जला खोटें सांगते, सेसिलला सांगते, आईला सांगते, बीबसाहेबांना सांगते. सर्वांत आधीं स्वतःला. या अवस्थेला फॉर्स्टर एक साधा शब्द वापरतात. मराठींत त्याला गुंता म्हणतां येईल. मोठ्या संकटाला तोंड देणें त्यांच्या मतें सोपें. मनाच्या गुंत्यापासून जपणें कठीण. हा गुंता दुष्टपणानें होत नाहीं. लोक काय म्हणतील, घराण्याला काय शोभेल, चारचौघांत कसें दिसेल, असे लहान लहान धागे एकमेकांत अडकून तो होतो. शेवटीं ग्रीसला पळून जाण्याच्या बेतांत असलेल्या लूसीला म्हातारे एमर्सन बीबसाहेबांच्या अभ्यासिकेंत योगायोगानें भेटतात आणि तिच्या मनांतलें सत्य तिला सांगून टाकतात. ज्याच्याकडून खोली घेणें कमीपणाचें वाटलें, त्याच्याच हातून तिला आपलें आयुष्य परत मिळतें. शेवटच्या प्रकरणांत लूसी आणि जॉर्ज पतिपत्नी होऊन त्याच खानावळींत, नदीकडच्या खोलींत उतरलेलीं आहेत. लूसीच्या घरच्यांचा रोष मात्र अजून मावळलेला नाहीं.

याच विषयाची काळी बाजू फॉर्स्टर यांनीं आपल्या पहिल्या कादंबरींत, १९०५ सालच्या ‘व्हेअर एंजल्स फिअर टु ट्रेड’ मध्यें, दाखविलेली आहे. तेथें लिलिया ही इंग्रज विधवा एका लहान इटालियन गांवांतील दंतवैद्याच्या मुलाशीं, जीनोशीं, लग्न करते. तें सुखाचें होत नाहीं. इंग्लंडांत चालणारें मोकळें फिरणें तिला तेथें मिळत नाहीं, आणि मूल होतांना ती मरते. तिच्या सासरची इंग्रज मंडळी, म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या घरचीं माणसें, मुलाला ‘सुसंस्कृत’ घरीं आणण्यासाठीं इटलींत येतात. मुलाविषयीं त्यांना प्रेम नाहीं. प्रश्न अब्रूचा आहे. मुलावर प्रेम आहे तें जीनोचें. मूल पळवून नेतांना गाडी उलटते आणि तें मरतें. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे पहिल्यांतील विनोद किती गंभीर आहे याची कल्पना येते. मिंधेपणाच्या भयानें एका ठिकाणीं खोली नाकारली जाते, दुसऱ्या ठिकाणीं बाप नाकारला जातो.

इतकें असूनहि ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ मध्यें एक उणीव राहते, आणि ती दाखविणें योग्य होईल. इंग्रजांनीं इटालियनांना देखावा मानूं नये असें सांगणाऱ्या या पुस्तकांत इटालियन माणूस फार थोडें बोलतो. गाडीवानाला त्याचें स्वतःचें नांव मिळत नाहीं. लेखक त्याला ग्रीक पुराणांतील फेथॉनचें नांव देऊन मोकळा होतो. चौकांत मेलेल्या माणसाच्या घरीं त्या रात्रीं काय झालें हें पुस्तक विचारीत नाहीं. इंग्रजांना जागें करण्यापुरतें इटलीचें काम, तें झालें कीं ती मागें राहते. खिडकी उघडली गेली, पण खिडकीपलीकडच्या घरांत लेखक अजून शिरला नव्हता.

तो शिरला तो एका मराठी दरबारांत, ही गोष्ट मराठी वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. देवास हें आतां मध्य प्रदेशांत असलेलें गांव. अठराव्या शतकांत पवार घराण्यांतील तुकोजी आणि जिवाजी या दोघां भावांनीं तेथें राज्य स्थापिलें, आणि त्याच्या थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या. १९१२ सालच्या अखेरीस फॉर्स्टर प्रथम देवासला आले. पुढें १९२१ सालीं थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून त्यांनीं सुमारें सहा महिने काम केलें. हिंदी राजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या तंत्रानें चालत अशा त्या काळीं, एक नामांकित इंग्रज लेखक मराठा राजाच्या पगारावर बागा, मोटारी, अतिथिगृह असल्या गोष्टींची व्यवस्था पाहत होता. लूसी पाहुणी म्हणून इटलींत गेली. फॉर्स्टर देवासला चाकरीस गेले. दोहोंत अंतर पुष्कळ आहे.

चाकरींतहि त्यांना सर्व कांहीं समजलें असें झालें नाहीं. कारभारांतील गोंधळ, अर्धवट बांधलेला राजवाडा, हिशेबाची ओढाताण, या गोष्टींनीं ते त्रासून जात. त्या वर्षींची गोकुळअष्टमी त्यांनीं आरंभापासून शेवटपर्यंत पाहिली. अखंड चाललेलें भजन, एकाच वेळीं वाजणारीं अनेक वाद्यें, रंगीबेरंगी सजावट. इंग्रजी अभिरुचीला त्यांत आकार सांपडेना. पण ज्या राजाच्या कारभारावर ते हताश होत, तोच राजा देवापुढें गात उभा राहिला असतां त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांना खोटा म्हणवेना. समजण्याच्या आधीं माया जडली. या उत्सवाचें रूप पुढें ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या शेवटच्या भागांत आलें, त्या इंग्रजी कादंबरींत तुकारामाचा नामघोष ऐकूं येतो तो देवासमुळें. त्या कादंबरीचा निर्णय इटलीच्या कादंबरीपेक्षां कडक आहे : एक राज्य करणारा आणि दुसरा राज्याखालचा, अशा दोघांना मनांत असूनहि मैत्री पुरी करतां येत नाहीं. तुकोजीरावांचा शेवट दुःखाचा झाला. राज्य कर्जांत बुडालें, १९३३ सालीं ते पाँडिचेरीस निघून गेले, आणि १९३७ सालीं तेथेंच वारले. फॉर्स्टर यांनीं देवासहून लिहिलेलीं पत्रें ‘द हिल ऑफ देवी’ या नांवानें १९५३ सालीं प्रसिद्ध केलीं. महाराजांचे दोष त्यांनीं झांकले नाहींत, आणि त्यांच्यावरचें प्रेमहि लपविलें नाहीं.

फ्लॉरेन्स आणि देवास यांच्यानंतर पुन्हां मालवणकडे वळतां येईल. हा किनारा परक्यांच्या नजरेला नवखा नाहीं. कुरटें बेटावरील सिंधुदुर्गाच्या बांधणीस शिवाजीमहाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं आरंभ केला. १७६५ सालीं इंग्रजांनीं तो घेतला तेव्हां त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें. तें नांव कोणाच्या तोंडीं टिकलें नाहीं. पण दुसऱ्याचें घर पाहतांच त्याला आपलें नांव देण्याची वृत्ति मात्र त्यांत दिसते. तीच ती, जी गाडीवानाला फेथॉन म्हणते. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आतां येथें येणारा प्रवासी इंग्रज नव्हे. तो बहुतेक मुंबईपुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांतला. तेव्हां शार्लटबाईची खुर्ची आज कोणाकडे आली आहे हें निराळें सांगावयास नको.

पहांटे किनाऱ्यावर रापण ओढली जाते. दोन्ही बाजूंनीं दोर धरून माणसें समुद्रांतलें लांब जाळें वाळूवर ओढीत आणतात, आणि मिळालेल्या मासळीचे वांटे होतात. पाहुण्यांना तें दृश्य फार आवडतें. कित्येकजण छायाचित्रें घेतात, कांहीं हौसेनें दोरालाहि हात लावतात. जाळ्यांत आज काय आलें, यांत्रिक नौकांच्या मोठ्या जाळ्यांमुळें रापणकाराच्या वांट्याला काय उरलें, हा प्रश्न छायाचित्रांत येत नाहीं. रात्रीं देवळापुढें दशावताराचा खेळ पाहून तेच पाहुणे मुग्ध होतात. राजाच्या वेषांत आवेशानें बोलणारा नट खेळ संपल्यावर दुसऱ्या गांवच्या खेळासाठीं आपला पेटारा बांधीत असतो, हें थोड्यांच्या लक्षांत येतें.

एवढ्यानें कोणावर दोष ठेवण्याचें कारण नाहीं. देखावा पाहण्यास आलेल्यानें देखावा पाहिला, इतकेंच. खरी परीक्षा पुढें असते, आणि ती फॉर्स्टर यांनीं दाखविल्याप्रमाणें घरीं परतल्यावर होते. या किनाऱ्यावरचा मुलगा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आला आहे. गांवीं त्याला चाकरमानी म्हणतात. गिरण्यांत, गोदींत, कचेऱ्यांत त्यानें नोकऱ्या केल्या. आणि गणपतीला तो बोचकें घेऊन घरीं येतो. मालवणच्या वाळूवर ज्याचें बोलणें ऐकून पाहुण्यांना गंमत वाटते, तोच मनुष्य शहरांत शेजारच्या बिऱ्हाडांत राहावयास आला, त्यानें तीच बोली जिन्यांत मोठ्यानें बोलावी, त्याच्या चुलीवरील सुक्या माशाचा वास भिंतीपलीकडे यावा, आणि त्याच्या हुशार मुलानें या घरच्या मुलीविषयीं विचारावें. मग ती गंमत कितीशी टिकते? १९८० सालीं गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ हें मालवणी नाटक रंगभूमीवर आलें, आणि पुढें मुंबईचीं नाट्यगृहें त्या बोलीच्या हंशानें भरून गेलीं. त्याच शहरांत, शाळेंत शुद्ध बोलावें म्हणून मुलांची तीच बोली घरोघरीं सोडविली गेली आहे. रंगमंचावर कौतुक आणि जिन्यांत नापसंती; फिएझोलेच्या दोन न्यायांहून हें फार वेगळें नाहीं.

फॉर्स्टर यांच्या इटलीहून कोंकणची एक बाब मात्र अधिक भाग्याची. येथल्या खिडकीपलीकडच्या माणसानें स्वतः लेखणी उचललेली आहे. शिरोड्याच्या शाळेंत १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षकाचें काम करणाऱ्या वि. स. खांडेकरांनीं सुखवस्तु आणि दरिद्री यांच्यामधील दरी मराठी कादंबरींत आणली. वेंगुर्ल्याजवळील आरवलीच्या जयवंत दळवींनीं ‘सारे प्रवासी घडीचे’ या पुस्तकांत आपला गांव आंतून दाखविला. त्यांतील माणसें हंसवितात, पण तीं कोणाच्या सहलीची शोभा म्हणून उभीं नाहींत. अशीं पुस्तकें वाचून जो प्रवासी या किनाऱ्यावर येईल, त्याच्या हातीं बेडेकरपेक्षां बरा सोबती असेल.

‘अ रूम विथ अ व्ह्यू’वर १९८५ सालीं एक सुंदर चित्रपट निघाला, त्याचे निर्माते इस्माइल मर्चंट हे मुंबईंत जन्मलेले होते. चित्रपटांत फ्लॉरेन्स मोठें देखणें दिसतें. पण पुस्तकच प्रथम वाचावें हें इष्ट, कारण फॉर्स्टर यांचा भर दिसण्यावर नाहीं. प्रसिद्धीनंतर पन्नास वर्षांनीं, १९५८ सालीं, त्यांनीं आपल्या पात्रांचें पुढें काय झालें याविषयीं एक छोटासा लेख लिहिला. त्यांत दोन महायुद्धांतून गेलेला जॉर्ज पुन्हां फ्लॉरेन्सला येतो आणि ती खानावळ शोधूं लागतो. देखावा जागच्या जागीं आहे. खोलीहि तेथेंच कोठेंतरी असेल. पण ती नेमकी कोणती हें त्याला ओळखतां येत नाहीं. देखावा कोणालाहि, केव्हांहि मिळतो, आणि त्याला भाडेंहि देतां येतें. खोली मिळते ती समोरच्या माणसानें दिली म्हणून, आणि घेणाऱ्यानें त्याचे उपकार मनांत अढी न ठेवतां मानले म्हणून. जेवणाच्या टेबलावर एका म्हाताऱ्यानें पुढें केलेल्या गोष्टीला सरळ ‘हो’ म्हणण्यास कोणतें शौर्य लागतें? तरीहि लूसीला तें म्हणावयास सबंध कादंबरी लागली. सुशिक्षित घरांनीं तें अधिक लौकर म्हणावें, अशी फॉर्स्टर यांची अपेक्षा आहे, आणि ती फार मोठी अपेक्षा नव्हे.